‘फॉन्टचा प्रॉब्लेम आहे’ म्हणण्याआधी: मराठी डेटाच्या या चुका टाळा

गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या गव्हाणीबरोबर आमचा फोनही सुरू होतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं पाच जणांचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. गिऱ्हाईक म्हणजे साखर कारखाने, दूध संस्था, पतसंस्था. त्यामुळे पडद्यावर मराठी, काटा पावतीवर मराठी, शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठी. ती कुठंही बिघडली की पलीकडून ठरलेलं वाक्य येतं, "साहेब, फॉन्टचा प्रॉब्लेम आलाय."

गिऱ्हाइकानं म्हटलं तर ठीक आहे. पण आमची पोरंसुद्धा तेच म्हणायची. "भावा, दुसरा फॉन्ट टाकून बघ की." मग अर्धा दिवस फॉन्ट टाकण्यात जायचा, फॉन्ट बिचारा निर्दोष सुटायचा आणि खरा आरोपी डेटाबेसमध्ये बसून हसायचा. शेवटी ऑफिसात नियम केला. बाइट, म्हणजे संगणकात खरोखर साठवलेले कोड, न बघता जो पहिल्यांदा ‘फॉन्ट’ म्हणेल, त्यानं सगळ्यांना कटवडा आणायचा. कोपऱ्यावरच्या गाडीवाल्याचा धंदा सुरुवातीला जोरात होता. पुढं कमी झाला.

आधी बिघाड दिसतोय कसा ते बघा

डॉक्टर जीभ बघतो, तसं पडद्यावर नेमकं काय उमटलंय ते बघायचं. ‘मराठी येत नाही’ ही तक्रार झाली, लक्षण नव्हे.

सगळीकडे नुसती प्रश्नचिन्हं असतील तर वाईट बातमी आहे. साठवतानाच डेटा गेला. मराठी ओळखत नसलेल्या कनेक्शननं प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून ठेवलं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्या रकान्याचं हेक्स, म्हणजे आतले बाइट जसेच्या तसे, काढून बघा. ‘३एफ ३एफ ३एफ’ (३एफ म्हणजे प्रश्नचिन्हाचाच कोड) अशी रांग दिसली तर तिथं मराठी उरलेलीच नाही. जगातला कुठलाही फॉन्ट ती परत आणणार नाही. बॅकअप शोधा, नाहीतर कागदावरची यादी.

इंग्रजी ए वर तिरकी रेघ, मग येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी परदेशी, असा कचरा दिसत असेल तर आनंद माना. डेटा बहुतेक शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय. यूटीएफ-८ म्हणजे सगळ्या लिपी साठवायची आजची रूढ पद्धत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. पहिला बाइट कायम ‘ई०’ आणि दुसरा ‘ए४’ किंवा ‘ए५’. विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य कोडपेजात, म्हणजे कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर या यादीत, ‘ई०’ म्हणजे रेघवाला ए आणि ‘ए५’ म्हणजे येन. म्हणून सगळ्या कोल्हापूर जिल्ह्याचा ऊस जपानी चलनात दिसतो. योगायोगानं या गचाळ प्रकाराला जगभर रूढ झालेला शब्दही जपानीच आहे, मोजिबाके.

इथली चूक उतावळेपणाची. कुणीतरी नेटवरून दुरुस्तीची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, उचलतो आणि थेट चालू डेटावर फिरवतो. अर्ध्या ओळी आधीच बरोबर असतात, त्या नव्यानं बिघडतात. मग क्वेरी दुसऱ्यांदा फिरवली जाते. आधी एकाच ओळीचं हेक्स बघा, बॅकअप घ्या, फक्त बिघडलेल्या ओळी वेगळ्या काढा आणि मगच हात घाला.

चौकोनी डबे आणि ठिपक्यांचं गोल वर्तुळ ही आणखी दोन लक्षणं. वर्तुळ म्हणजे एखादी मात्रा किंवा वेलांटी आधाराच्या अक्षराविना लटकलीय. कुणीतरी शब्द मध्येच कापलाय किंवा क्रम चुकलाय. डब्यांचं शेवटी बघू.

एक्सेलमध्ये उघडून ‘सेव्ह’ दाबणं

सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामानं रकाने तोडलेल्या साध्या फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेल तिला बऱ्याचदा विंडोजच्या कोडपेजात उघडतं आणि मराठीचा कचरा दिसतो. इथंवर काही बिघडलेलं नसतं. फाइल बंद करायची आणि डेटा मेनूतून ‘टेक्स्ट/सीएसव्ही’ मार्गानं आत घ्यायची. तिथं फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडलं की झालं. पण ऑपरेटर काय करतो? एक-दोन आकडे दुरुस्त करतो, सेव्ह दाबतो आणि तीच फाइल आपल्याला परत पाठवतो. मराठी नीट दिसत असलेली फाइल साध्या ‘सीएसव्ही’ प्रकारात सेव्ह केली तर आणखी सोपं, थेट प्रश्नचिन्हं. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा पर्याय असतो, तो दाखवून द्या. शक्यतो समोर बसवून. फोनवर समजत नाही.

त्या पर्यायातून आलेल्या फाइलच्या तोंडाशी तीन अदृश्य बाइट चिकटलेले असतात. मग तुमचा प्रोग्रॅम म्हणतो, ‘नाव’ नावाचा रकानाच नाही. डोळ्यांना तर दिसतोय. पायथॉनमध्ये फाइल ‘यूटीएफ-८-सिग’ म्हणून उघडा, भूत जातं.

यूटीएफ-८ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहणं

जुन्या मायएसक्यूएलमधलं ‘यूटीएफ८’ हे पूर्ण यूटीएफ-८ नव्हेच. ते एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट देतं. मराठीला तीन पुरतात, म्हणून वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. आमच्या एका दूध संस्थेच्या ॲपमध्ये तक्रारीचा रकाना होता. फॅट कमी लागलं, पैसे जमा नाहीत, अशा तक्रारी यायच्या. पण काही तक्रारी जतनच होईनात. दोन दिवस लॉग चाळल्यावर कळलं की शिव्या देणाऱ्यांच्या तक्रारी व्यवस्थित येतायत, अडकतायत त्या नम्र माणसांच्या. शेवटी हात जोडलेली इमोजी टाकतात ना, तिला चार बाइट लागतात. टेबल आणि कनेक्शन दोन्ही ‘यूटीएफ८एमबी४’ करा. नुसतं टेबल बदललं तर उपयोग नाही, हे आम्ही करून बघितलंय.

नावाची लांबी डोळ्यांनी मोजणं

‘कोल्हापूर’ किती अक्षरं? शाळेत चार शिकलो. युनिकोड, म्हणजे जगातल्या लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणारी यादी, तिच्या हिशेबात नऊ: क, ओकार, ल, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), ह, काना, प, ऊकार, र. यूटीएफ-८ मध्ये २७ बाइट. गंमत म्हणजे गडहिंग्लज, हातकणंगले आणि जयसिंगपूर हेही नऊच भरतात. आमच्याकडच्या एका पोरानं यावरून ‘गावाचं नाव नऊ चिन्हांचं असतं’ असा नियम काढून दाखवला होता. चेष्टेत, पण टेस्ट पास झाली होती.

आता रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजणारा डेटाबेस घ्या. नावाला ३० जागा ठेवल्या, इंग्रजीत भरपूर वाटल्या. ‘बाळासाहेब’ लिहिलं की २७ बाइट गेले, पुढची मोकळी जागा धरून २८. उरले दोन, आणि आडनावाचं पहिलं अक्षर तीन बाइटचं. एखादा डेटाबेस सरळ नकार देतो, तो बरा. एखादा प्रोग्रॅम गुपचूप कापतो आणि शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह सोडून जातो.

बाइटऐवजी चिन्हं मोजून कापलं तरी सुटका नाही. काटा पावतीवर गावाला सात जागा होत्या, तर गडहिंग्लजचं ‘गडहिंग्’ झालं. ॲपमध्ये गोलात नावाचं पहिलं अक्षर दाखवतात, तिथं ज्ञानेश्वरचा ‘ज’ होतो आणि क्षितिजाचा ‘क’. जोडाक्षर एकसंध धरणारा तुकडा मागायचा असतो, त्याला ग्राफीम क्लस्टर म्हणतात. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी ‘इंटल सेगमेंटर’ आहे. पण देवनागरी जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडच्या मूळ नियमांत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, ‘क्ष’चे दोन तुकडे पडतात. आवृत्ती बघून घ्या.

मेसेजचं बिल न बघणं

साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० चिन्हं बसतात. त्यात एक जरी मराठी चिन्ह आलं तर मर्यादा ७० वर येते. ७१ झाली की मेसेजचे दोन तुकडे होतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ६७ चे, आणि पैसे दोनाचे. इथं काना-मात्रा-वेलांटी सगळं मोजलं जातं. ‘आपला’ म्हणजे चार. एका कारखान्याच्या ऊस बिलाच्या मेसेजात शेवटी ‘धन्यवाद’ होतं, तेवढ्यानं तो ७० च्या पुढं जात होता. धन्यवाद काढला, बिल निम्म्यावर आलं. शेती विभागाचे साहेब जरा नाराज झाले.

लपलेला सापळा वेगळाच आहे. मेसेज पूर्ण इंग्रजी, पण रकमेआधी रुपयाचं नवं चिन्ह. २०१० साली आलेलं हे चिन्ह एसएमएसच्या मूळ संचात नाही, त्यामुळे त्या एकट्यापायी अख्खा मेसेज ७० च्या गटात जातो. ‘आरएस’ लिहा, दिसायला जुनाट आहे पण स्वस्त पडतं.

गुऱ्हाळ सापडत नाही

ही माझी आवडती, म्हणजे सगळ्यात जास्त मार खाल्लेली चूक. एका पतसंस्थेत क्लार्कनं सभासद शोधला, आडनाव कुऱ्हाडे. सापडला नाही, म्हणून नवीन खातं उघडलं. माणूस यादीत होताच. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघितल्या, वेलांटीचाही फरक नाही.

हा आपल्या मराठीच्या चंद्रकोरी ‘र’चा खेळ. गुऱ्हाळ, कुऱ्हाड, गिऱ्हाईक, दुसऱ्या या सगळ्यांतला. तो दोन रस्त्यांनी लिहिता येतो. एक, नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागं एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. कुठला उमटेल ते कीबोर्डवर ठरतं. छापल्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. एकच चिन्ह वेगवेगळ्या कोडांनी लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करण्याची युनिकोडची नेहमीची पद्धत म्हणजे नॉर्मलायझेशन, एनएफसी. तीही हे दोन एक करत नाही. वकिलांच्या ‘ॲड.’चंही तसंच. एक अखंड ‘ॲ’, दुसरा ‘अ’वर चंद्र ठेवलेला.

आता आमची चूक ऐका. मी म्हटलं, अदृश्य चिन्हांचं कामच काय, सगळी उडवून टाकू. एक ओळीची स्क्रिप्ट, शुक्रवारी संध्याकाळी. जोडचिन्ह गेल्यावर मागं राहिला साधा ‘र’ आणि हलन्त, म्हणजे रफार. हजारभर नोंदींत ‘गुर्हाळ’ आणि ‘कुर्हाडे’ तयार झाले. शनिवारी पासबुकं छापली गेली. सोमवारी एक आजोबा पासबुक काउंटरवर ठेवून म्हणाले, "आमचं आडनाव कुणी बदललं?"

बरोबर क्रम असा: आधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. चंद्रवाला ‘अ’ एक करा. मग एनएफसी. उरलेली अदृश्य चिन्हं सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं शोधासाठीच्या वेगळ्या रकान्यात करा. माणसानं दिलेलं नाव आहे तसंच राहू द्या.

किरकोळ, पण रोजचे

मराठी कीबोर्डवरून वजनाच्या जागी ‘१८’ लिहिलं तर पायथॉन ते मुकाट्यानं आकडा मानतं, जावास्क्रिप्ट ‘हा आकडाच नाही’ म्हणून हात वर करतं. म्हणजे एकच अर्ज एका टोकाला पास, दुसऱ्या टोकाला नापास. आत घेतानाच आकडे इंग्रजीत बदलून घ्या, दाखवताना परत मराठीत.

टायपिंग शिकलेली जुनी माणसं कोलनच्या जागी विसर्ग देतात, ‘नावः’ असं. तुम्ही कोलनवर ओळ तोडत असाल तर तुटणार नाही.

टेस्टला ‘राम पाटील’ हे नाव वापरू नका. त्यात एक जोडाक्षर नाही, रफार नाही, काही नाही. तो कायम पास होतो.

आणि जिथं खरंच फॉन्ट असतो

असतो, नाही असं नाही. प्रिंटिंग प्रेसवाल्याकडून आलेली जुनी यादी युनिकोडमध्ये नसतेच. आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, वरून मराठी कपडे घातलेले. ती कन्व्हर्टरमधूनच काढावी लागते. त्यात ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हटकून जागा सोडतात, कारण जुन्या पद्धतीत ते दिसण्याच्या क्रमानं टाइप केलेले असतात. नावं डोळ्यांखालून घातल्याशिवाय पुढं जाऊ नका. पीडीएफमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडं पडत असेल तर मात्र तो फॉन्ट नव्हे. अक्षरं जुळवण्याचं काम, ज्याला शेपिंग म्हणतात, ती लायब्ररी करतच नाहीये. ब्राउझरकडून पीडीएफ काढून घेणं हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग.

गेल्या महिन्यात नव्या सर्व्हरवरून निघालेल्या पावत्यांवर नुसते चौकोनी डबे आले, एक किलोच्या गुळाच्या वड्या मांडल्यासारखे. नवीन पोरगा म्हणाला, "सर, फॉन्ट असंल." मी नियमावर बोट ठेवलं आणि त्याला हेक्स काढायला लावलं. हेक्स स्वच्छ. कनेक्शन बघितलं, स्वच्छ. माझ्या मशीनवर तीच पावती झकास निघत होती, हेही मी त्याला अभिमानानं दाखवलं. दीड तासानं त्यानंच सर्व्हरवरच्या फॉन्टची यादी काढली. लिनक्सच्या त्या हलक्या कंटेनरमध्ये देवनागरीचा एकही फॉन्ट नव्हता. नोटो सान्स देवनागरी टाकला, वड्या गेल्या, ऊस परत आला. अशा डब्यांना टोफू म्हणतात आणि ‘नोटो’ हे नाव ‘नो टोफू’वरूनच पडलंय, हेसुद्धा त्यानंच सांगितलं.

कटवडे मी आणले. पाच माणसांना दहा, त्यातले चार त्यानं खाल्ले.