रेंज गेली तर १९८ लावा, पण डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटीकडं पावसात लाईट गेली की टॉवरपण झोपतो, मग सगळे नुसते शिव्या घालत बसतात आणि तक्रार कुणीच करत नाही. असं करू नका. रेंज मिळेल तिथं जाऊन त्याच कंपनीच्या सिमवरून १९८ लावा, फुकट आहे. गावाचं नाव, पिनकोड आणि रेंज कधीपासून नाही ते नीट सांगा. "बघतो सर" म्हणून कट करतात, म्हणून आधी डॉकेट नंबरचा मेसेज मागा, पुढचं सगळं त्याच्यावरच चालतं. काम नाही झालं तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपिलेट अथॉरिटीकडं (वरच्या पातळीवर तक्रार ऐकणाऱ्यांकडं) अपील करायचं, त्याला पैसे लागत नाहीत. आणि हो, आपल्याकडं महाराष्ट्रातल्या शिनोळी, चंदगडची सिमं बेळगावात वापरणारे खूप आहेत, त्यांनी अपील कंपनीच्या महाराष्ट्र सर्कलला (विभागाला) करायचं, कर्नाटकला नाही! ट्रायकडं (मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) मेल टाकून उपयोग नाही, ते एकेकट्याची तक्रार सोडवत नाहीत. ट्रायच्या २०२४ च्या नियमात जिल्ह्यात मोठा बिघाड २४ तासांपेक्षा जास्त चालला तर पोस्टपेडला बिलात सूट, प्रीपेडला व्हॅलिडिटी वाढवून द्यायची आहे, तेपण मागून घ्या.