नेट सारखं तुटतंय? दोष घरात की दाराबाहेर, आधी हे ठरवा

मृगाचा पाऊस सुरू झाला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात नेट तुटायला लागतं आणि पहिला फोन केबलवाल्याला जातो. तो येतो, राउटर बंद करून चालू करतो, 'आता बघा' म्हणतो आणि जातो. संध्याकाळी पुन्हा तेच. बंद-चालू केल्यानं दोष तात्पुरता झाकला जातो, सापडत नाही. तो कुठे आहे एवढं आधी ठरवलं की निम्मं काम झालं. त्यासाठी एक लॅपटॉप, मीटर-दीड मीटरची चांगली लॅन केबल आणि एक मोकळी दुपार पुरते. तपासणी वायफायवर करू नका, वायफायचे स्वतःचेच वेगळे रुसवे असतात.

पहिल्यांदा दिवे बघा. फायबरचं कनेक्शन असेल तर ज्या डबीत ती बारीक पिवळी किंवा पांढरी वायर जाते तिला ओएनटी म्हणतात. तिच्यावर 'एलओएस' नावाचा दिवा लाल असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही आणि घरातल्या वायरी हलवून काही होणार नाही. फक्त कपाटामागे फायबर काटकोनात मुडपली आहे का, उंदरानं कुरतडली आहे का, तेवढं पाहा. गाळप हंगामात निपाणी-चिकोडीकडे उसानं उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावरून आडव्या गेलेल्या वायरी ओढून नेतात, तेही कारण असू शकतं. फायबरचं टोक काढून त्यात डोकावू नका. आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

दिवे ठीक असतील तर खरी तपासणी पिंगची, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजायची. लॅपटॉप छोट्या केबलनं थेट राउटरला जोडा, वायफाय बंद करा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्या. 'डिफॉल्ट गेटवे'पुढचा आकडा म्हणजे तुमच्या राउटरचा पत्ता, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत राउटरला पिंग लावा, दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला. पत्त्यानंतर जागा सोडून वजाचं चिन्ह आणि इंग्रजी टी जोडलात तर पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. लॅपटॉप झोपी जाणार नाही असं सेटिंग करा आणि नेट तुटण्याची वाट बघा.

तुटलं की दोन्ही खिडक्या एकत्र वाचायच्या. दोन्हीकडे 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर गडबड लॅपटॉप आणि राउटर यांच्या मध्ये आहे, किंवा राउटर स्वतःच बंद पडून चालू होतोय. राउटरचं उत्तर एक मिलिसेकंदाच्या आत येत राहिलं आणि फक्त ८.८.८.८ तुटलं, तर दोष राउटरच्या पलीकडे. पण ओएनटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर त्यांना जोडणारी वीतभर केबलही 'पलीकडे'च मोजली जाते. ती आधी बदलून बघा, मगच कंपनीवर चिडा. दोन्ही पिंग सुरळीत आणि तरी साइट उघडत नसेल तर बहुधा डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणाऱ्या सेवेची भानगड. राउटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरा. आणखी एक प्रकार फार दिसतो: पिंग तुटत नाही, पण वीसवरून एकदम पाचशे मिलिसेकंदांवर जातं. त्या वेळी कुणाच्या तरी मोबाइलवरून लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढत असतात. ही लाईन तुटलेली नाही, भरलेली आहे.

थेट जोडल्यावर सगळं ठीक, पण माडीवरच्या खोलीत तुटतं? मग भिंतीतली केबल. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. दोन्ही बाजूंचे पोर्ट १००० एमबीपीएसचे असून १०० दिसत असेल तर आठपैकी एखादी तार बहुधा निसटली आहे. १०० ला चारच तारा लागतात, १००० ला आठही, त्यामुळे लिंक मरत नाही, लंगडते. टोक कापून नवा आरजे-४५ (केबलच्या टोकाचा प्लॅस्टिकचा प्लग) बसवून घ्या. रंगांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच, आणि तारांच्या जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही. नवी केबल घेताना तार चाकूनं खरवडून पाहा. आत पांढरी चकाकी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, दुकानात परत द्या.

जुना राउटर स्विच (एका लॅन केबलला अनेक केबली जोडून देणारी डबी) म्हणून वापरत असाल तर त्याचा पत्ता बदला, डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि केबल लॅन पोर्टमध्येच लावा, नाहीतर दोन राउटर पत्ते वाटत बसतात. लॅपटॉपला १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता मिळाला तर त्याला राउटरकडून पत्ताच आलेला नाही. एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून स्विचमध्ये गेली तर सगळं घर ठप्प होतं, तेही बघा.

आता लाईटचं. बेळगावच्या वडगाव-शहापुरात घरातच माग असेल तर मोटार सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि राउटर रिस्टार्ट होतो. बल्बला तेवढं जाणवतही नाही. जुना अडॅप्टरही असंच करतो. अडॅप्टर बदलताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस लावलात तर हा प्रश्न मिटतो.

वाटणी झालेली दोन घरं आणि कनेक्शन एकच, ही सोय आपल्याकडे बरीच आहे. दोन छपरांवरून तांब्याची लॅन केबल ओढलेली असेल तर वळवाच्या विजेत दोन्हीकडचे पोर्ट जळण्याची भीती असते. तिथे फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल यांना जोडणाऱ्या डब्या) लावावेत. तोवर आभाळ भरून आलं की, कडकडाट सुरू होण्याआधीच, लॅन आणि लाईट दोन्हीचे प्लग काढून ठेवा. केबल भिंतीत शिरते तिथे बाहेरच्या बाजूला खाली झोळ द्या, म्हणजे पागोळ्यांचं पाणी केबलवरून आत न येता तिथेच गळेल.

हे सगळं करूनही ८.८.८.८ चं पिंगच तुटत असेल तर तारीख आणि वेळा लिहून, स्क्रीनचे फोटो काढून तक्रार द्या आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मागून घ्या. न सोडवताच तक्रार बंद केली तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. कंपनीचा माणूस घरी आला की पॉवर मीटर लावून फायबरचा डीबीएम, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाच्या जोराचा आकडा, वाचायला सांगा. नेहमीच्या जीपॉन लाईनवर (घरगुती फायबरच्या प्रचलित प्रकारात) आकडा उणे २७ च्या आसपास किंवा त्याहून खाली असेल तर वाटेत बहुधा कुठलातरी जोड खराब आहे. पावसात आणि उघडिपीत असा दोन्ही वेळचा आकडा मिळाला तर जोडात पाणी शिरतंय का हेही कळतं, म्हणून माणूस जायच्या आत तो आकडा वहीत उतरवून घ्या.