वेरूळहून अंगकोरकडे : ख्मेर देवळांची सहा दिवसांची सहल कशी आखावी

कंबोडियातील ख्मेर लोकांची जुनी देवळे पाहायला निघणाऱ्या माणसाने सहलीची सुरुवात वेरूळपासून करावी, असे मी मराठवाड्यातील प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. सोळा क्रमांकाच्या कैलास लेण्यात रावण कैलास पर्वत हलवतो आहे, घाबरलेली पार्वती शिवाला बिलगली आहे आणि शिव मात्र निश्चल बसला आहे, हे शिल्प आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेले असते आणि त्यानंतर नीट पाहिलेले नसते. त्याच्यासमोर अर्धा तास उभे राहावे. त्याच देवळाच्या एका बाजूला रामायण आणि दुसऱ्या बाजूला महाभारत पट्ट्यापट्ट्यांनी कोरलेले आहे, तेही सावकाश वाचून घ्यावे (लेणी मंगळवारी बंद असतात, एवढे लक्षात ठेवावे). राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, आपल्याकडे बेसाल्टमध्ये कोरलेला हा रावण सुमारे दोनशे वर्षांनंतर कंबोडियातील बान्तेय स्रेई या देवळात गुलाबी वालुकाश्मात भेटतो. ज्याच्या डोळ्यांसमोर वेरूळचे शिल्प ताजे असते, त्याला तेथे कोणी काही समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

सहलीच्या आखणीविषयी माझे एकच ठाम मत आहे. देवळे ज्या क्रमाने बांधली गेली त्याच क्रमाने पाहावीत, आणि देवळांइतकाच वेळ तेथील पाण्याला व शिवाराला द्यावा. बहुतेक सहल कंपन्या पहिल्याच पहाटे अंगकोर वाटचा सूर्योदय दाखवतात आणि पुढील दोन दिवसांत उरलेली देवळे उरकतात. सर्वांत मोठे देऊळ आधी पाहिल्यामुळे नंतरची लहान देवळे फिकी वाटू लागतात, आणि तिसऱ्या दिवशी लोक झाडाखाली बसून राहतात. पहिल्या वेळी आम्हीही तसेच केले होते. दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला, तेव्हा विटांच्या साध्या शिखरांपासून अंगकोर वाटपर्यंत ही वास्तुकला कशी वाढत गेली ते पायाखाली कळत गेले.

जाण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच उत्तम. मार्च ते मे या काळात तेथील ऊन परभणी-नांदेडच्या उन्हासारखेच असते, मात्र हवा दमट असल्याने घाम वाळत नाही आणि दगडी पायऱ्या चढताना जीव कासावीस होतो. नोव्हेंबर-डिसेंबरात भातकापणी सुरू असते आणि तोन्ले साप सरोवरात भरपूर पाणी असते, म्हणून माझी पसंती याच दोन महिन्यांना आहे. नांदेड-लातूरकडच्या लोकांना हैदराबाद विमानतळ सोयीचा, तर छत्रपती संभाजीनगरकरांना मुंबई. तेथून बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे सिएम रीप या देवळांजवळच्या गावी पोहोचता येते. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेला सिएम रीपचा नवा विमानतळ गावापासून चाळीसहून अधिक किलोमीटर दूर आहे, त्यामुळे हॉटेलच्या गाडीची व्यवस्था आधीच करून ठेवावी. २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर लष्करी संघर्ष झाला. म्हणून थायलंडमधून रस्त्याने कंबोडियात शिरण्याचा बेत करू नये आणि सीमेवरचे प्रेअह विहेअर हे देऊळ, कितीही सुंदर असले तरी, सध्या यादीत घेऊ नये.

पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा. व्हिसाचा अर्ज कंबोडिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावा. त्याच्यासारखी दिसणारी आणि जास्त पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे बरीच आहेत. व्यवहार अमेरिकी डॉलर आणि रिएल या दोन्ही चलनांत चालतो व एका डॉलरचे साधारण चार हजार रिएल होतात. फाटकी किंवा डाग पडलेली डॉलरची नोट तेथे कोणी घेत नाही, म्हणून नोटा येथेच एकेक पारखून घ्याव्यात.

अंगकोरच्या, म्हणजे सिएम रीपजवळच्या जुन्या ख्मेर राजधानीच्या, देवळांसाठी लागणाऱ्या पासचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. एका दिवसाचा पास ३७ डॉलरचा, तीन दिवसांचा ६२ डॉलरचा आणि सात दिवसांचा ७२ डॉलरचा आहे. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत आणि सात दिवसांचा पास महिनाभरात केव्हाही, सलग नसलेल्या दिवशीही वापरता येतो. या सहलीत देवळांचे चार-पाच दिवस येतात, त्यामुळे सात दिवसांचाच पास घ्यावा. वरच्या दहा डॉलरमध्ये आवडलेल्या देवळाकडे पुन्हा जाण्याची मोकळीक मिळते, आणि ती मोकळीक मला कोणत्याही जेवणापेक्षा मोलाची वाटते. पासवर आपले छायाचित्र असते, तो दुसऱ्याला देता येत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक देवळाच्या दारात तपासला जातो.

गाईड निवडताना घाई करू नये. पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेलाच गाईड घ्यावा आणि एका गाईडमागे दहाहून अधिक माणसे नसावीत. निघण्यापूर्वी पंधरा दिवस त्याला आपला क्रम लेखी कळवावा, आणि आम्हाला रामायण-महाभारताच्या कथा ठाऊक आहेत, त्या सांगण्यात वेळ न घालवता त्या येथे कशा बदलल्या ते दाखवावे, असेही स्पष्ट लिहावे. चांगला गाईड हे वाचून खूश होतो, असा माझा अनुभव आहे. १९७५ ते १९७९ या काळात, ख्मेर रूज या जहाल कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत, तेथील असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली. गाईड स्वतःहून बोलला तर शांतपणे ऐकावे, मात्र त्याच्या घरच्यांविषयी आपण होऊन विचारू नये.

पहिल्या दिवशी दुपारी रोलुओस गाठावे. सिएम रीपच्या पूर्वेला सुमारे तेरा किलोमीटरवर असलेली ही जागा म्हणजे राजा इंद्रवर्मन पहिला याची राजधानी हरिहरालय. प्रेअह को हे सहा विटांच्या शिखरांचे देऊळ इसवी सन ८७९ मधले, म्हणजे शके ८०१ मधले आहे. ख्मेर शिलालेखांत कालगणना शकाची आहे, आपल्या पंचांगातल्या आणि परंपरेने पैठणच्या शालिवाहनाशी जोडलेल्या त्याच शकाची. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, हे गटातल्या मुलांना आधीच सांगून ठेवावे. देवळासमोर नंदी बसलेले आहेत आणि देवळाचे नावही त्यांच्यावरूनच पडले आहे. पुढे बाकोंग हे ८८१ मधले पाच टप्प्यांचे देऊळ आहे. मेरू पर्वत दगडात रचण्याची जी कल्पना पुढे अंगकोर वाटपर्यंत गेली, ती येथे पहिल्यांदा मोठ्या आकारात दिसते. शेवटी ८९३ मधले लोलेई पाहावे. ते एका विस्तीर्ण तलावाच्या मधोमध बेटावर बांधले होते आणि आज त्या तलावाच्या जागी भातखाचरे आहेत. गाईडला जुना बांध दाखवायला सांगावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघून बान्तेय स्रेई उघडताच तेथे पोहोचावे. अंतर सुमारे ३५ किलोमीटर आहे. नऊनंतर गर्दी होते आणि कोवळ्या उन्हातला दगडाचा गुलाबी रंगही उतरतो. हे देऊळ कोणा राजाने बांधलेले नाही. यज्ञवराह या ब्राह्मण राजगुरूने ९६७ मध्ये त्याची प्रतिष्ठापना केली. दारे इतकी बुटकी आहेत की सारे देऊळ एखाद्या दागिन्यासारखे वाटते, आणि गाभाऱ्यात जाऊ देत नाहीत. दक्षिणेकडील ग्रंथालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान इमारतीच्या पूर्व बाजूला रावण कैलास हलवतो आहे आणि पश्चिम बाजूला शिव मदनाला जाळतो आहे. उत्तरेकडील इमारतीवर खांडववनावर पाऊस पाडणारा इंद्र आणि कंसाला मारणारा कृष्ण आहे. येथे रावणाजवळ थांबून वेरूळशी तुलना करावी. आपल्याकडे डोंगर वरून खाली कोरून मूर्ती खोलवर, जवळजवळ सुटी काढली आहे, त्यामुळे तेथे वजन आणि जोर जाणवतो. येथे त्रिकोणी चौकटीत कैलास पायऱ्यापायऱ्यांनी रचला आहे, खालच्या पायरीवर प्राणी घाबरून पळत आहेत, त्यांच्या वर ऋषी आहेत आणि सर्वांत वर शिव-उमा. वेरूळला नजर रावणाच्या ताकदीकडे जाते, तर येथे हादरलेल्या साऱ्या जगाकडे. दोन्ही ठिकाणी उमा शिवाला तशीच बिलगली आहे.

तेथून पुढे कबाल स्पेअन आहे. सुमारे दीड किलोमीटरची जंगलातली चढण चढून गेल्यावर नदीच्या पात्रातच कोरलेली शिवलिंगे आणि शेषशायी विष्णू दिसतो. अकराव्या शतकात कोरलेल्या या लिंगांवरून वाहत जाणारे पाणी खाली अंगकोरच्या शेतांना मिळत असे, म्हणजे साऱ्या शिवाराला अभिषेकाचे तीर्थ पोहोचावे अशी ही योजना. औंढा, परळी आणि घृष्णेश्वर यांच्या मुलखातल्या माणसाला हे ठिकाण थेट काळजाला भिडते. फेब्रुवारीनंतर येथे पाणी फार कमी असते. चढताना पायवाट सोडून झाडीत शिरू नये. अनेक वर्षांच्या युद्धात पेरलेले भूसुरुंग कंबोडियाच्या दुर्गम भागांतून पूर्णपणे निघालेले नाहीत, म्हणून ही शिस्त साऱ्या ग्रामीण भागात पाळावी. परतताना प्रेअह दाक गावाजवळ रस्त्याकडेला ताडाचा रस मोठ्या कढईत आटवून गूळ करणारी घरे लागतात, तेथे थांबून तो गूळ विकत घ्यावा.

तिसरा दिवस देवळांशिवाय घालवावा. तोन्ले साप सरोवर पावसाळ्यात अनेक पटींनी पसरते, कारण मेकाँग नदीला पूर आला की सरोवरातून निघणारी नदी उलटी वाहू लागते आणि मेकाँगचे पाणी सरोवरात भरते. हेच पाणी मासे आणते, गाळ आणते आणि ओसरल्यावर भातही पिकवते. काम्पोंग फ्लुक या गावातली घरे उंच खांबांवर उभी आहेत. नावेतून जाताना लोकांच्या घरांची आणि मुलांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. शाळेत किंवा अनाथालयात नेऊन देणगी मागण्याचा प्रकार घडला, तर नम्रपणे नकार द्यावा.

चौथा दिवस संपूर्णपणे अंगकोर वाटचा. सूर्यवर्मन दुसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले हे विष्णूचे देऊळ पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दर्शनी भागावर दुपारनंतरच ऊन येते. पहाटेची गर्दी टाळून सकाळी शिल्पपट आणि दुपारी तीननंतर दर्शनी भाग असा बेत ठेवावा. शिल्पपट पाहताना मात्र आपली सवय मोडावी लागते. येथील कथा प्रदक्षिणेच्या उलट, म्हणजे देऊळ डाव्या हाताला ठेवून वाचायच्या आहेत. पश्चिम दारातून उजवीकडे वळताच कुरुक्षेत्र लागते. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव आणि शरशय्येवरचे भीष्म आपण लगेच ओळखतो. दक्षिणेला राजाची मिरवणूक आणि स्वर्ग-नरक, पूर्वेला सुमारे ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन आणि फेरीच्या शेवटी पश्चिमेला लंकेचे युद्ध. समुद्रमंथनात देवांच्या टोकाला वासुकीचे शेपूट धरून एक वानर उभा आहे, त्याला गाईड हनुमान म्हणतात. आपल्या कथेत तो तेथे नाही, म्हणून त्याच्याजवळ थोडे अधिक थांबावे. सर्वांत वरच्या मजल्यावर जाण्यासाठी खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, जिना फार उभा आहे आणि उपोसथाच्या, म्हणजे चंद्रकलेनुसार येणाऱ्या बौद्ध व्रताच्या, दिवशी तो बंद असतो, तेव्हा तारखा आधी तपासाव्यात. गुडघे दुखत असतील तर वर न जाण्यात काहीही गमावत नाही. या देवळाचे खरे धन खालच्या भिंतींवर आहे.

जेवणाची काळजी शाकाहारी माणसाला घ्यावी लागते. भाजीच्या रश्श्यातही माशाचे पाणी किंवा प्रहोक, म्हणजे आंबवलेल्या माशांचा लगदा, घातलेला असतो. हॉटेलमधून ‘मांस, मासे, माशाचे पाणी, प्रहोक नको’ असे ख्मेर लिपीत लिहून घ्यावे आणि तो कागद प्रत्येक खानावळीत दाखवावा. दुपारच्या आधारासाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्यावी.

पाचव्या दिवशी अंगकोर थोम. चाम सैन्याने, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधल्या चंपा राज्याच्या सैन्याने, ११७७ मध्ये राजधानी लुटल्यानंतर जयवर्मन सातवा याने तीन किलोमीटर बाजूचे हे चौरस नगर उभारले. दक्षिण दरवाजाकडे जाणाऱ्या पुलावर एका बाजूला ५४ देव आणि दुसऱ्या बाजूला ५४ असुर नाग ओढत आहेत, म्हणजे काल भिंतीवर पाहिलेले समुद्रमंथन आज रस्त्यावर उभे राहते. नगराच्या मधोमध असलेल्या बायोन या देवळाचे प्रचंड चेहरे सर्वजण पाहतात, परंतु बाहेरच्या ओवरीतले शिल्पपट घाईत सुटतात. बाजार, कोंबड्यांची झुंज, स्वयंपाक आणि बैलगाड्या अशा आठशे वर्षांपूर्वीच्या साध्या संसारासाठी येथे दोन तास राखून ठेवावेत.

सहाव्या दिवशी ता प्रोम. ११८६ मध्ये आईच्या स्मरणार्थ बांधलेल्या या विहाराच्या शिलालेखात ३,१४० गावे त्याच्या निर्वाहासाठी लावून दिल्याची आणि राज्यातल्या १०२ रुग्णालयांची नोंद आहे. भिंतींवर बसलेली झाडे प्रसिद्धच आहेत. त्या भिंती सावरण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने केले आहे, हे मात्र फार थोड्या मराठी पर्यटकांना ठाऊक असते.

शेवटची संध्याकाळ पश्चिम बारायच्या बांधावर काढावी. अकराव्या शतकातला हा तलाव सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरहून अधिक रुंद आहे, तो खोदून नव्हे तर चारी बाजूंनी मातीचे बांध घालून केलेला आहे आणि त्याच्या मोठ्या भागात आजही पाणी आहे. त्याच्या मधल्या बेटावर १९३६ मध्ये शेषशायी विष्णूची भव्य कांस्यमूर्ती सापडली. चौदाव्या-पंधराव्या शतकांत दीर्घ दुष्काळ आणि मधूनच अतिवृष्टी यांनी अंगकोरची ही पाण्याची व्यवस्था खिळखिळी केली, असे झाडांच्या वार्षिक वलयांच्या अभ्यासातून दिसते. टँकरच्या फेऱ्या मोजलेल्या आपल्या माणसांना ही माहिती देवळांच्या तारखांपेक्षा अधिक जवळची वाटते, म्हणून गाईडला ती येथेच, पाण्याकडे पाहत सांगायला लावावी. बांधावर स्थानिक कुटुंबे झोळ्या बांधून संध्याकाळ घालवतात, झोळी थोड्या पैशांत भाड्याने मिळते. नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, त्यामुळे साडेचारपर्यंत पोहोचावे आणि अंधार पडताच गावात परतून सामान बांधावे.