दहावीच्या वर्गात कांद्याचं मूळ नेताना

पेशीविभाजनाच्या चार आकृत्या दहावीची मुलं पाठ करतात. त्या अवस्था कांद्याच्या मुळाच्या टोकात प्रत्यक्ष दिसतात, आणि एमएससी किंवा पीएचडी करणाऱ्या तुमच्यासारख्यांच्या प्रयोगशाळेत लागणारं सगळं सामान असतंच, म्हणून हा प्रयोग शाळेत नेता येतो. अडचण असते ती ३५ मिनिटांच्या तासाची आणि साठ मुलांची. त्यामुळे आम्ल, उष्णता आणि ब्लेडची कामं आधीच उरकून घ्या. वर्गात ठेवायचं ते टोक दाबणं, पेशी शोधणं आणि मोजणं.

दोन आठवडे आधी मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि जोडतास मागून घ्या. घटक चाचणीचा आठवडा टाळा. त्याच फेरीत विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना सांगून सूक्ष्मदर्शक कपाटातून काढायला लावा आणि प्रत्येकातून स्वतः डोकावून पाहा. पावसाळ्यानंतर भिंगावर बुरशीचं जाळं सापडणं नेहमीचं. आरसा नसणं, ४५ पटीचं भिंग काचपट्टीवर आपटून ओरखडलेलं असणं, हेही. चालणारे चार मिळाले तरी भागतं.

आठ दिवस आधी सहा-सात कांदे घ्या, तेही दोन वेगवेगळ्या दुकानांतून. मोड येऊ नयेत म्हणून विकिरण केलेला (गॅमा किरणांसारख्या किरणांचा मारा केलेला) कांदा मिळाला तर भरवसा नाही, कारण वाढत्या टोकातलं विभाजन थांबवणं हाच विकिरणाचा हेतू असतो. (लासलगावला अशी सोय आहे.) बुडाची सुकी मुळं खरवडा, मुळं जिथून फुटतात ती बुडाची चकती मात्र कापू नका. पेल्याच्या तोंडावर कांदा असा बसवा की बूड पाण्याला जेमतेम टेकेल, आणि पाणी रोज बदला. दोन ते चार दिवसांत मुळं २-३ सेंमी होतात. कांदा दगा देईल असं वाटलं तर शेजारी लसूण लावा. दोघांतही १६ गुणसूत्रं.

मुळं सकाळी आठ, दहा आणि बारा अशा तीन वेळी कापून वेगळ्या कुप्यांत ठेवा. विभाजनं कोणत्या खेपेत जास्त मिळतील ते आधी सांगता येत नाही. अल्कोहोल ३ भाग आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्ल १ भाग हे पेशींना आहेत त्या अवस्थेत थांबवणारं मिश्रण त्याच दिवशी करा, शिळं वापरू नका. मुळं त्यात २४ तास, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये फ्रिजमध्ये. आता प्रत्येक खेपेतलं एक टोक तपासा आणि सर्वांत चांगली खेप शाळेसाठी राखा. ही तपासणी चुकवली की वर्गात साठ मुलांसमोर नुसत्या विश्रांतीतल्या पेशी दिसतात.

शाळेच्या दिवशी सकाळी टोकं १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ६०° सेल्सिअसला ८ मिनिटं ठेवा. जलतापक नसेल तर त्या तापमानाचं पाणी भरलेला थर्मास चालतो. वेळ कमी पडली तर पेशी सुट्या होत नाहीत, जास्त झाली तर टोकाचा लगदा होतो. दोनदा पाण्यात धुऊन टोकं ॲसिटोकार्मिनच्या (गुणसूत्रं लाल रंगवणाऱ्या द्रवाच्या) कुपीत टाका आणि तशीच शाळेत न्या. पोहोचेपर्यंत टोकाचा १-२ मिमी भाग गडद लाल होतो, बाकीचं मूळ फिकट राहतं. कुठला तुकडा घ्यायचा हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

सहा-सहा जणांचे दहा गट करा. टोकं ४०, काचपट्ट्या २५, आच्छादक काचा ५० (फुटतातच), सुया, टिपकागद, आणि ४५ टक्के ॲसेटिक आम्लाची थेंबबाटली, जी तुमच्याच हातात राहील. खिडक्या उघड्या हव्यात, दाबणाऱ्या मुलांना चष्मे आणि हातमोजे.

गडद तुकडा थेंबात ठेवून सुईने फोडायचा, काच ठेवायची, वर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं. अंगठा घसरला की पेशी गुंडाळतात आणि लांबट लाल वळ्या दिसतात. ठळक काळ्या कडेचे गोल दिसले की मुलं ‘पेशी, पेशी!’ ओरडतात. ते हवेचे बुडबुडे. बुडबुडा आधी दाखवून टाकला की पुढची दहा मिनिटं वाचतात.

आधी १० पटीच्या भिंगाखाली चौकोनी, दाट रंगलेल्या पेशींची जागा शोधायची, मग ४५ पट. लांबट पेशीच दिसत असतील तर तुकडा टोकाच्या वरचा आहे, दुसरा घ्या. भिंगाला डोळा लावायला रांग लागते, म्हणून शिक्षकांचा मोबाइल नेत्रभिंगावर धरून फोटो काढा आणि गटाला फोटोवरच मोजू द्या.

प्रत्येक गटाने १०० पेशी मोजून अवस्थांची नोंद करायची. फळ्यावर बेरीज झाली की हजार पेशी होतात. बहुतेक विभाजन सुरू न झालेल्या, उरलेल्यांत पूर्वावस्था (विभाजनाची पहिली अवस्था) सर्वांत जास्त. असं का, ते लगेच सांगू नका. ज्या अवस्थेला वेळ जास्त लागतो तिच्या पेशी जास्त सापडणार, हे एखादं मूल बोलतंच. भांडण होतं ते मध्यावस्थेवरून, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मधोमध जमतात त्या अवस्थेवरून. बाजूने ती आडवी पट्टी दिसते, टोकाकडून पाहिली तर गोल कडं, आणि पुस्तकात फक्त पट्टी छापलेली असते.

१६ गुणसूत्रं मोजून दाखवण्याच्या फंदात पडू नका. त्यासाठी ती सुटी पसरावी लागतात, त्याला कोल्चिसिनसारखं रसायन लागतं, आणि असं विषारी रसायन शाळेत न्यायचं नाही.

वापरलेल्या काचा झाकणाच्या डब्यात गोळा करून परत न्या, शाळेच्या कचऱ्यात नको. चांगल्या दोन काचपट्ट्यांच्या कडा नेलपॉलिशने बंद करून शिक्षकांकडे ठेवा. काही दिवस टिकतात, तेवढ्यात ‘ब’ तुकडीचा तास होतो.