नव्या आईचं खाणं: अंगातलं त्राण घालवणाऱ्या या चुका टाळा

बाळ अकरा दिवसांचं होतं. दुपारी साडेतीनच्या सुमारास त्याला पाळण्यात ठेवायला वाकले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. हात थरथरायला लागले. झोप झाली नाही म्हणून होतंय, असं म्हणत मी खाली बसले. मग आठवलं, सकाळपासून पोटात गेलाय तो कपभर चहा आणि दोन बिस्किटं. ओट्यावर सकाळी वाढून ठेवलेलं ताट तसंच होतं. भाताचा वरचा थर वाळून कडक झाला होता.

चांगलं खाल्ल्याने जागरण भरून निघत नाही, हे आधीच सांगते. पण नव्या आईच्या थकव्यात भुकेचाही मोठा वाटा असतो आणि तो सगळा जागरणाच्या नावावर खपतो. झोप आपल्या हातात नसते, भुकेचं मात्र काही करता येतं.

‘बाळ झोपलं की खाईन’

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती जवळजवळ प्रत्येकीकडून होते. जरा हिशोब मांडून बघा. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पितं. एका वेळेला अर्धा तास धरला तरी चार ते सहा तास त्यातच जातात. मग ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं. बाळ झोपतं तेव्हा आपल्याला आंघोळ करायची असते किंवा डोळे मिटायचे असतात. म्हणजे जेवणासाठी मोकळी वेळ अशी उरतच नाही, आणि तिची वाट बघता बघता संध्याकाळ होते.

म्हणून खाणं घड्याळाला न बांधता बाळाच्या दुधाला बांधा. बाळ प्यायला बसलं की आपणही दोन घास खायचे. जिथे बसून पाजता तिथे, हात पोचेल इतक्या जवळ, एक झाकणाचा डबा आणि पाण्याची बाटली ठेवा. डबा एका हाताने उघडणारा हवा आणि त्यातलं खाणं एका हाताने, न सांडता खाता येईल असं. उकडलेली आणि सोललेली अंडी, केळं, फळांच्या फोडी, भाजलेले शेंगदाणे, बदाम, खजूर, चीजचे तुकडे, भाजी किंवा अंडं घालून गुंडाळलेली पोळी. सूप असेल तर कोमट करून कपात घ्या. बाळ मांडीवर असताना गरम चहा-कॉफी किंवा वाफाळतं काहीही हातात घेऊ नका. डुलकी लागायला एक क्षण पुरतो.

रात्रीचा डबा वेगळा भरा. पहाटे तीनला बाळ प्यायला लागलं आणि पान्हा फुटला की घशाला अचानक कोरड पडते आणि पाठोपाठ पोटात खड्डा पडतो. अशा वेळी बाटली चार पावलांवरच्या टेबलावर असेल तर ती नसल्यातच जमा. माझा डबा उशीशेजारी असायचा, त्यात मूठभर शेंगदाणे आणि दोन खजूर. तेवढ्यानेही सकाळी उठताना पाय लटपटायचे थांबले.

गोडावर आणि चहावर दिवस काढणं

थकलेलं शरीर गोड मागतं, कारण साखर लगेच लागू पडते. पण नुसतं बिस्किट किंवा गोड पेय घेतलं की रक्तातली साखर भरभर वर जाते आणि अनेकींना तासा-दोन तासांत पुन्हा गळाल्यासारखं होतं. बिस्किट अजिबात बंद करा असं मी म्हणणार नाही. त्याच्यासोबत प्रथिनं किंवा थोडी स्निग्धता असू द्या: केळ्याबरोबर दही, टोस्टबरोबर अंडं, खजुराबरोबर बदाम. साखर हळूहळू शोषली जाते आणि पोट टिकतं.

चहा-कॉफीचं थोडं सविस्तर. अंगावर पाजणाऱ्या आईने दिवसाला २०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफिन घ्यायला सहसा हरकत नसते. कॉफीच्या एका मगात अंदाजे १०० आणि चहाच्या कपात ५० मिलीग्रॅमच्या आसपास असतं, कडकपणानुसार कमीजास्त. मोठ्या माणसाच्या शरीरातलं कॅफिन पाच-सहा तासांत निम्मं होतं. नवजात बाळाला त्यासाठी तीन दिवसांहून जास्त लागू शकतात. बाळ फार चिडचिडं वाटत असेल, झोपत नसेल, तर काही दिवस कप कमी करून बघा.

वजन उतरवायची घाई

जुने कपडे होत नाहीत याचं वाईट वाटतं, मलाही वाटलं. पण पोटभर दूध पिणारं बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलीटर दूध घेतं. त्यासाठी आईला रोज साधारण ३५० ते ५०० उष्मांक जास्त लागतात, एका चांगल्या न्याहारीइतके. बाकी गरज गरोदरपणात साठलेल्या चरबीतून भागते, म्हणजे वजन हळूहळू उतरण्याची सोय शरीराने स्वतःच केलेली असते. त्यावर उपवास किंवा कडक डाएट लादलं तर आधी आपलं त्राण जातं, आणि खाणं फारच कमी झालं तर दूधही कमी होऊ शकतं. पहिले सहा आठवडे हा विषयच काढू नका. त्यानंतर आठवड्याला अर्धा किलोपर्यंत वजन उतरलं तर ठीक.

वरचं दूध देणाऱ्या आईलाही हे लागू आहे. तिच्याही शरीरात जखम भरत असते आणि तीही रात्रभर जागी असते.

पाण्याचा अतिरेक, किंवा विसर

दर वेळी पाजताना पेलाभर पाणी प्या. लघवी गडद पिवळी आणि वासाची असेल तर पाणी कमी पडतंय. पण भरमसाट पाणी प्यायल्याने दूध वाढत नाही. स्तन वारंवार आणि नीट रिकामे झाले की ते वाढतं.

बाळाला वारा धरेल म्हणून ताट रिकामं करणं

कोबी नको, कडधान्य नको, दूध नको, आंबट नको. प्रत्येक जण एक पदार्थ वगळायला सांगतो आणि शेवटी आईच्या ताटात काही उरत नाही. कोबी किंवा डाळ खाल्ल्यावर होणारा वायू आपल्या आतड्यात तयार होतो. तो दुधात उतरत नाही. बहुतेक मातांना काहीही वगळावं लागत नाही. बाळाच्या शीमध्ये रक्त किंवा खूप चिकट आव दिसली, अंगावर चट्टे उठले, वजन वाढेना, तर गाईच्या दुधाची ॲलर्जी असू शकते. तेव्हा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. स्वतःच्या मनाने महिनोन्महिने पथ्य नको. शिवाय कडधान्यं आणि भाज्या सोडल्या की बद्धकोष्ठता होते, आणि टाके असताना ती फार त्रास देते.

लोहाच्या गोळ्या सोडणं, किंवा चहाबरोबर घेणं

बाळंतपणात रक्त जातं. गरोदरपणातच हिमोग्लोबिन कमी असेल तर नंतर ते आणखी खाली जातं. तरीही बाळ झालं की गोळ्यांची पाकिटं कपाटात मागे पडतात. डॉक्टरांनी सांगितलेला काळ पूर्ण करा. गोळी चहा, कॉफी, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. तासा-दोन तासांचं अंतर ठेवा. लिंबूपाणी, संत्रं, टोमॅटो अशा क जीवनसत्त्वाच्या पदार्थाबरोबर लोह जास्त शोषलं जातं. जेवणातल्या डाळी आणि पालेभाज्यांतल्या लोहालाही हाच नियम लागू होतो, म्हणून जेवणावर लगेच चहा नको. गोळीने मळमळत असेल तर ती बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा, दुसरी मिळते.

मांस, मासे, अंडी, दूध यांतलं काहीच खात नसाल तर बी-१२ पूरक गोळीतूनच घ्यावं लागतं. ते कमी पडलं तर आई थकते आणि बाळालाही दुधातून कमी मिळतं.

‘काही लागलं तर सांग’ यावर थांबणं

मदतीला सगळे तयार असतात, पण काय हवंय हे थकलेल्या बाईला सुचत नाही. म्हणून डोकं ताजं असेल तेव्हा कागदावर लिहून फ्रिजवर लावा: सकाळी चार अंडी उकडणे, फळं धुऊन कापणे, दोन्ही डबे भरणे, बाटल्या भरणे. घरातल्या एकाने ती जबाबदारी रोज घ्यायची, आईने न मागता. भेटायला येणारं कुणी विचारत असेल तर खेळण्याऐवजी एक वेळचं जेवण आणायला सांगा. यात संकोच करू नका.

सगळं करूनही त्राण येत नसेल तर

दोन-तीन आठवडे नीट खाऊनही तसंच वाटत असेल तर कारण ताटाबाहेर असू शकतं. जिना चढताना धाप लागणं, छातीत धडधडणं, चेहरा फिकट दिसणं हे रक्त कमी असल्याचं लक्षण असू शकतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही जणींची थायरॉइड ग्रंथी बिघडते. थंडी सोसत नाही, केस फार गळतात, अंग जड होतं. बाळ झोपलेलं असतानाही झोप न येणं, भूक मरणं, सतत रडू येणं, कशातच मन न लागणं हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. त्याच्यावर उपचार आहेत, आणि ते आईचा दोष नाही. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल, छातीत दुखत असेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटत असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

मी सहाव्या आठवड्यात तपासणीला गेले आणि ‘फार थकवा येतो’ एवढंच सांगितलं. ‘नवं बाळ आहे, व्हायचंच’ असं उत्तर मिळालं. पुढच्या वेळी कागदावर लिहून नेलं: एक जिना चढताना दोनदा थांबावं लागतं, अंथरुणातून उठलं की चक्कर येते, गोळ्या महिनाभर घेतलेल्या नाहीत. त्याच दिवशी रक्त काढलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं, म्हणजे बरंच कमी.