मॉनिटर उघडण्याआधी

वसमतच्या मोंढ्यातून एका अडत दुकानाचा मॉनिटर आला होता. हळदीचा हंगाम होता. मागच्या जाळीत हळदीचा थर बसलेला आणि स्क्रीन सगळी पिवळी. सोबत आलेले मुनीम म्हणाले, "हळद आत गेली, त्यानं पिवळी पडली." आयटीआय करून मी नांदेडला वजिराबादेत उस्तादांच्या दुकानात बसायला लागलो, त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मी लगेच स्टँडचे स्क्रू काढायला घेतले. उस्तादांनी हात धरला. "कामून उघडायलास? केबल बघितलीस का आधी?"

कॉम्प्युटरमधून मॉनिटरला चित्र आणणाऱ्या व्हीजीए केबलची तीन नंबरची पिन वाकून आडवी झाली होती. ती निळ्या रंगाची. पांढऱ्यातून निळा गेला की पिवळा उरतो. चिमट्यानं पिन सरळ केली आणि स्क्रीन पांढरीशुभ्र झाली. एक नंबरची लाल पिन गेली तर चित्र निळसर-हिरवं होतं, दोन नंबरची हिरवी गेली तर गुलाबी-जांभळं. बऱ्याच केबलींना नऊ नंबरची पिन मुळातच नसते. ती तुटली असं समजून गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवी केबल मारू नका.

या कामात नवीन येणाऱ्या पोरांना मी हेच पहिलं सांगतो. मॉनिटर बंद डब्यात असतानाच त्याचा निम्मा आजार कळतो. आत असतं तरी किती? एक पॉवर सप्लायचा बोर्ड, एक मेन बोर्ड आणि पॅनल. जुन्या मॉनिटरमध्ये पॅनलच्या मागच्या ट्यूब पेटवणारा इन्व्हर्टरही असतो, बहुतेक वेळा सप्लायच्याच बोर्डावर. (गिऱ्हाइकाला नुसतं "इन्व्हर्टर गेला" म्हणू नका, तो घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरबद्दल विचारत बसतो.) बटणाजवळचा लाइट अजिबात लागत नसेल तर वायर, अडॅप्टर आणि मग सप्लाय बघा. लाइट लुकलुकतो, आतून टिकटिक येते, तर सप्लाय उठायचा प्रयत्न करतोय आणि बसतोय. लाइट बरोबर आहे पण स्क्रीन काळी असेल, तर खोलीत अंधार करा आणि टॉर्च स्क्रीनवर तिरकी धरा. चित्र पुसट दिसलं म्हणजे मेन बोर्ड आणि पॅनल काम करतायत, बिघाड मागच्या उजेडात आहे. स्क्रीन कोरी पांढरी राहिली, तर बहुतेकदा पॅनलला सप्लाय किंवा सिग्नल पोचत नाही. पॅनलकडे जाणारी पट्टी काढून परत नीट बसवली तरी त्यातले काही मॉनिटर चालू होतात.

आता सगळ्यात जास्त येणारी केस. चित्र येतं, दोन सेकंद दिसतं आणि काळोख. ट्यूबच्या मॉनिटरमध्ये हे फार. एका ट्यूबचा करंट बिघडला की इन्व्हर्टर सगळ्याच ट्यूब बंद करतो. पण ट्यूबवर आळ घ्यायच्या आधी सप्लायमधून वीज बाहेर पडते त्या बाजूचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एकसारखी देणारे डबीसारखे भाग, बघा. १००० मायक्रोफॅरॅड, १६ किंवा २५ व्होल्ट असे ते असतात. डोकं सपाट पाहिजे. फुगलेलं, चिरलेलं, तपकिरी पाणी सुटलेलं दिसलं की दोषी सापडला. फुगल्याशिवायही कपॅसिटर मरतो, हेही ध्यानात ठेवा. थंडीत सकाळी मॉनिटर उठत नाही, पंधरा-वीस मिनिटांनी उठतो आणि मग दिवसभर चालतो, असं गिऱ्हाईक म्हणालं की मी डोळे झाकून कपॅसिटरकडे वळतो. गारठ्यात त्याचा आतला रोध वाढतो.

इथे माझ्या हातून झालेली चूक सांगतो. एका सेवा केंद्राचा मॉनिटर होता, पीकविम्याच्या अर्जांचे दिवस, बाहेर शेतकऱ्यांची रांग. मी घाईत डब्यातले साधे, ८५ डिग्रीपर्यंतच्या उष्णतेचे कपॅसिटर लावून दिले. मॉनिटर चालला. दोन महिन्यांत परत आला, तेच कपॅसिटर फुगून. उस्ताद रागावले नाहीत, फक्त मॉनिटर माझ्यासमोर ठेवला. सप्लायला १०५ डिग्रीचे, लो ईएसआर म्हणजे आतला रोध कमी असलेले असेच कपॅसिटर लागतात. मायक्रोफॅरॅड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि उंची झाकणात बसेल एवढी. दर १० डिग्री उष्णतेला कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतच पारा चाळिशीच्या पुढे जातो, मग बंद डब्यात काय होत असेल ते बघा. सोल्डर करताना कपॅसिटरची पांढरी पट्टी बोर्डावरच्या मायनसच्या बाजूलाच आली पाहिजे. तो केंद्रचालक मला काही बोलला नाही, पण त्याचे ते दिवस वाया गेले, ते मला आजही लागतं.

आत हात घालायच्या आधी आणखी एक. सप्लायच्या पुढच्या बाजूला, म्हणजे घरची लाइन आत येते तिथे, मोठा कपॅसिटर असतो. २३० व्होल्टचा एसी डीसी होऊन त्यावर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. चालू मॉनिटर बंद केला की ते लवकर उतरतात. बिघडलेल्या सप्लायमध्ये ते खर्चच होत नाहीत, वायर काढून बराच वेळ झाला तरी आत बसून असतात. म्हणजे जो मॉनिटर मेलेला दिसतो तोच जास्त धोक्याचा. होल्डरला दोन वायरी जोडलेला ६० वॅटचा तारेचा बल्ब त्या कपॅसिटरच्या दोन टोकांना लावा आणि मीटरनं शून्य बघा. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करून ठिणगी पाडायची सवय लावून घेऊ नका.

गावाकडून आलेल्या मॉनिटरमध्ये सप्लायची ही पुढची बाजूच जास्त जळलेली सापडते. लाइनचा न्यूट्रल तुटला की घरात चारशेच्या आसपास व्होल्ट शिरू शकतात. मग फ्यूज, एसीचा डीसी करणारा ब्रिज, वीज चालू-बंद करणारा मॉसफेट, त्याला हुकूम देणारी आयसी, सगळं एका रांगेत जातं. नुसता फ्यूज बदलून वायर लावलीत तर तोही जागेवर उडेल. फ्यूजच्या जागी तार तर कधीच टाकू नका. मी १०० वॅटचा तसाच तारेचा बल्ब सिरीजला ठेवून पहिली लाइन देतो. क्षणभर लकाकून मंद झाला तर बरं, पूर्ण तेजानं पेटून राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. असे बिघाड एकाच गल्लीतून दोन-तीन आले तर लोकांना वीज कंपनीकडे तक्रार करायला सांगा.

पॅनलवर उभी रेघ असेल किंवा आत शाई पसरल्यासारखा डाग असेल, तर आपल्या टेबलावर इलाज नाही. नवं पॅनल घालायचं म्हटलं तर बहुधा मॉनिटरच्याच किमतीला जातं. हे गिऱ्हाइकाला उघडायच्या आधी सांगा, पैसे घेऊ नका. तो देत असेल तर भंगाराच्या भावानं तो मॉनिटर ठेवून घ्या. त्याचा सप्लाय आणि मेन बोर्ड पुढे कामाला येतात.

पॅनल काढून ठेवायला टेबलावर मऊ वाकळ अंथरा, तोंड खाली. क्लिपा जुन्या एटीएम कार्डानं सोडवा, लोखंडानं नको. आणि दुरुस्त झालेला मॉनिटर झाकण लावून, कूलर बंद करून, चार तास सलग पांढऱ्या स्क्रीनवर चालवा. मी दुपारी एक ते पाच चालवतो. त्यात टिकला तरच गिऱ्हाइकाला फोन करतो.