टायगर वुड्सच्या जाहिराती आणि माझा रिकामा कॉलम

मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला डिझर्टेशनचा विषय द्यायचा होता. गोल्फ मी कधी खेळलो नाही, धड बघितलाही नव्हता, तरी अमेरिकन गोल्फपटू टायगर वुड्सच्या जाहिराती घेतल्या कारण एकच, त्या ऑनलाइन मिळतात आणि बऱ्याचशा मिनिटभराच्या आतल्या असतात, म्हटलं पटकन उरकेल. नाही उरकलं. यंदा कोणी स्पोर्ट्स ॲडव्हर्टायझिंगवर काम करणार असेल तर माझे कुठे कुठे वांधे झाले ते सांगून ठेवतो.

विषय असा होता की एखादा खेळाडू सगळ्यांच्या फार पुढे असताना जाहिरात त्याला कसं दाखवते आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना कसं दाखवते. मी एक्सेल शीट केली, वर्ष, कंपनी, चेहरा किती सेकंद दिसतो, आवाज कोणाचा, आणि शेवटी प्रतिस्पर्धी: कोण, काय करतोय, हरताना दाखवलाय का. जाहिराती बघत गेलो, बाकी सगळं भरत गेलं आणि शेवटचा कॉलम कोराच. मला वाटलं माझं सॅम्पल चुकलं, म्हणून दोन आठवडे नुसत्या जाहिराती शोधण्यात घालवले, तरी तेच. शेवटी माझ्या गाइड मॅडमकडे जाऊन म्हटलं, हा कॉलम काढून टाकतो. त्या म्हणाल्या, "अरे, रिकामा आहे म्हणून काढतोस? रिकामा का आहे ते बघ की आधी." मग अख्खं डिझर्टेशन त्या एका कॉलमवरच झालं.

तर नीट बघितल्यावर कळलं की समोरची जागा रिकामी नसतेच, तिथे माणसाऐवजी दुसरं काहीतरी उभं केलेलं असतं. १९९६ मध्ये टायगर प्रो (व्यावसायिक खेळाडू) झाला तेव्हाची नाइकीची 'हॅलो वर्ल्ड' घ्या. त्यात तो सांगतो की माझ्या कातडीच्या रंगामुळे अमेरिकेत काही गोल्फ कोर्सवर (मैदानांवर) मला आजही खेळू देत नाहीत. म्हणजे सामना कोणाशी, तर दारं बंद करणाऱ्या क्लबांशी. (या जाहिरातीवरून तेव्हा भरपूर वाद झाला, तो वाचाच.) मग ती मुलांची जाहिरात, एकेक पोरगं येऊन म्हणतं मी टायगर वुड्स, तिथे तर सगळेच त्याच्या बाजूचे, समोर कोणीच नाही. १९९९ मध्ये तो क्लबवर बॉल टप टप उडवत राहतो, चांगली २८ सेकंदं, आणि शेवटी हवेतल्या हवेत फटका मारतो. समोर कोण, तर गुरुत्वाकर्षण! २००८ ची ईए स्पोर्ट्सची तर भन्नाट आहे, त्यांच्या व्हिडिओ गेममधल्या गडबडीमुळे टायगर पाण्यावर उभा राहून शॉट मारतो असं कोणीतरी दाखवलं होतं, कंपनीने ती चूक मान्य करायच्या ऐवजी खऱ्या टायगरला पाण्यावरून चालवलं. आणि २०१० मध्ये, खासगी आयुष्याचं सगळं प्रकरण बाहेर आल्यावर, मास्टर्स या मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर ती काळी-पांढरी जाहिरात, तो गप्प उभा आणि २००६ मध्ये वारलेल्या वडिलांचा आवाज त्याला प्रश्न विचारतोय. क्लब, बॉल, पाणी, बाप, सगळे येऊन गेले, पण समोर गोल्फ खेळणारा माणूस काही येत नाही.

मी आधी यावर मोठमोठे शब्द वापरून चाप्टर लिहिला, मिथक, दैवतीकरण वगैरे. मॅडमनी तो परत दिला आणि विचारलं, मिकल्सन कोणत्या कंपनीचा? मला माहीतच नव्हतं. फिल मिकल्सन म्हणजे त्या काळातला लोकांचा लाडका दुसरा नंबर, डावखुरा खेळणारा, पहिली मेजर (गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकायला त्याला २००४ उजाडलं, आणि तो आधी टायटलिस्टचा, २००४ पासून कॅलवेचा, दोन्ही गोल्फचं सामान बनवणाऱ्या कंपन्या. आता नाइकी स्वतःचे पैसे घालून कॅलवेची टोपी घातलेला माणूस टीव्हीवर कशाला दाखवेल, हरताना का असेना? म्हणून माझं पहिलं सांगणं हे की जाहिरातीला हात लावायच्या आधी करारांचा तक्ता करा, कोण कधीपासून कधीपर्यंत कोणाचा, आणि त्यातही क्लब, बॉल, कपडे वेगवेगळे, कारण एकाच माणसाचे तिन्ही तीन कंपन्यांचे असू शकतात. खुद्द टायगर २००० पर्यंत टायटलिस्टचा बॉल खेळत होता, त्यामुळे १९९९ मध्ये टायटलिस्टच्या मालक कंपनीने नाइकीला कोर्टात खेचलं होतं, की तुमच्या जाहिराती बघून लोकांना वाटेल हा तुमचंच सामान वापरतो. २००० मध्ये त्याने नाइकीचा बॉल घेतला आणि त्याच वर्षी पेबल बीचला यूएस ओपन १५ स्ट्रोक्सने मारली, म्हणजे दुसऱ्या नंबरपेक्षा १५ फटके कमी घेऊन. हा तक्ता आधी केला असता तर माझा दीड महिना वाचला असता.

करार कळले की अपवादही कळतात. प्रतिस्पर्धी दिसतो तो स्वतःच्याच घरातला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर २००९ मध्ये तो परत आला तेव्हा नाइकीने एक जाहिरात केली, तो नाही म्हणून बाकीचे खेळाडू मजेत आहेत, तेवढ्यात हा आत येतो आणि सगळे चिडीचूप. ते बाकीचे कोण, तर नाइकीचेच. विनोदी जाहिरात आहे, चांगलीही आहे, पण त्यात दुसऱ्यांना कामच एवढं की घाबरायचं. प्रत्यक्षात त्या पुनरागमनात मॅच प्लेच्या (एकास एक सामन्यांच्या स्पर्धेच्या) दुसऱ्या फेरीत टिम क्लार्कने त्याला घरी पाठवलं, आणि ऑगस्टमध्ये पीजीए चॅम्पियनशिपला वाय. ई. यांगने शेवटच्या दिवशी मागून येऊन हरवलं. टायगरनंतरच्या पिढीतल्या रोरी मॅकिलरॉयचंही असंच, २०१३ च्या जानेवारीत तो नाइकीत आला आणि लगेच 'नो कप इज सेफ' आली, दोघं शेजारी उभे राहून एकमेकांची खेचत ग्लासांत बॉल टाकतायत. २०१५ च्या 'रिपल'मध्ये तर छोटा रोरी टीव्हीवर टायगरला बघत मोठा होतो आणि शेवटी त्याच्याच शेजारी खेळतो. प्रतिस्पर्धी म्हणून नाही, भक्त म्हणून आत घेतला त्याला. मला 'रिपल' आवडते, लपवत नाही, पण व्हायव्हात आवडते असं म्हणू नका.

व्हायव्हावरून आठवलं. एक्स्टर्नल सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, गोल्फमध्ये समोरासमोर कोणी नसतंच, प्रत्येक जण आपापले स्ट्रोक मोजतो, मग जाहिरातीत प्रतिस्पर्धी नाही यात नवल काय? माझी बोलती बंद. प्रश्न बरोबरच होता आणि मला स्ट्रोक प्ले (सगळ्यांचे एकूण फटके मोजायचे) आणि मॅच प्लेमधला फरक जेमतेम माहीत होता. चाचपडत २००५ च्या मास्टर्सचं उदाहरण दिलं आणि वाचलो. सोळाव्या होलवर टायगरचा चिप शॉट (जवळून मारलेला छोटा फटका), बॉल भोकाच्या काठावर थांबतो, नाइकीचं चिन्ह कॅमेऱ्यासमोर येतं आणि मग बॉल आत पडतो, नाइकीने ते दृश्य तसंच उचलून जाहिरातीत वापरलं. पण त्या दिवशी ख्रिस डिमार्को त्याच्यासोबतच खेळत होता, पुढच्या दोन्ही होलवर टायगरने एकेक शॉट घालवला, डिमार्कोने बरोबरी केली आणि निकाल प्लेऑफमध्ये लागला. म्हणजे खेळात समोरचा माणूस होता, टीव्हीवरही दिसत होता, लोकांना मात्र बॉल आठवतो. सर हसले, मार्क बरे पडले. तुम्ही खेळाचे नियम आधी शिका, जाहिरात ज्या मॅचवर बेतलेली आहे तिचा स्कोअर बघा, मग सिद्धांत.

बाकी बारीकसारीक: ऑनलाइन मिळणारी प्रत कोणीतरी कापलेली असू शकते, अपलोडची तारीख म्हणजे प्रसारणाची तारीख नव्हे (मी एक वर्ष असंच चुकीचं लिहिलं होतं), पहिल्यांदा आवाज बंद करून बघा, आणि छापील जाहिराती सोडू नका. ॲक्सेंचर या कन्सल्टिंग कंपनीची 'गो ऑन, बी अ टायगर' मालिका मी जवळजवळ विसरलोच होतो, त्यात तर गोल्फ निमित्तालाच, समोर धंद्यातल्या अडचणी. डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी त्याला सोडलं, एटी अँड टी गेली, गेटोरेड गेलं, नाइकी जानेवारी २०२४ पर्यंत राहिली.

परवा सवयीने आताचा गोल्फपटू स्कॉटी शेफलरची २०२५ ची नाइकीची पोस्ट बघितली, रॉयल पोर्टरशला ओपन ही मेजर जिंकल्यानंतरची. ग्रीनवर तो आणि त्याचं रांगणारं पोर, वर ओळ, तू आधीच जिंकलायस, आणि खाली आणखी एका मेजरने काही बिघडत नाही अशा अर्थाचं. चार स्ट्रोक्सने जिंकला होता पठ्ठ्या. जुनी शीट उघडली, वर्ष भरलं, कंपनी भरली, आणि शेवटच्या कॉलमवर येऊन बसून राहिलो, कारण तिथे आता त्या पोराचं नाव घालायचं का हे मला अजून ठरवता आलेलं नाही.